शाळेत ६१ पॉइंट्स, ज्युनियरमध्ये ७, मुलाचा खेळ गेला कुठे?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई मूळच्या सांगलीच्या, गेली वीस वर्षं मिनिआपोलिसजवळच्या एका उपनगरात राहतात. मिस्टर दादरचे, तरुणपणी कांगा लीग खेळलेले, आता आयटीत. मुलगा १८ वर्षांचा, आइस हॉकी खेळतो, विंगर आहे, म्हणजे कडेने खेळणारा फॉरवर्ड. गेल्या वर्षी हायस्कूलच्या शेवटच्या सीझनला त्याने २७ मॅचमध्ये ६१ पॉइंट्स केले, म्हणजे गोल आणि असिस्ट मिळून. दुकानात लोक थांबवून हात मिळवायचे. शाळा संपली, युनिव्हर्सिटीची ॲडमिशन वर्षभर पुढे ढकलून घेतली आणि सप्टेंबरमध्ये तो आयोवातल्या, यूएसएचएल नावाच्या ज्युनियर लीगमधल्या एका टीमकडे गेला, तिथल्याच एका कुटुंबाकडे राहतो. आता जानेवारी आलाय. २४ मॅच, ३ गोल, ४ असिस्ट. चौथ्या लाइनवर, म्हणजे सगळ्यात कमी खेळवल्या जाणाऱ्या तिघांत खेळतो आणि दोन मॅचना तर बाहेरच बसवलं. आधी मेसेज करणारा एक कॉलेजचा कोच गप्प झालाय. मुलगा फोनवर फक्त ‘ठीक आहे’ म्हणतो. बाबा म्हणतात परत बोलव, इंजिनिअरिंग सुरू करू दे, वर्ष वाया चाललंय. ताई विचारतात, कोचला मी फोन करू का, टीम बदलायला सांगू का, की परत आणू? आणि त्याला पाठवून आमचं चुकलं का?

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाही चुकलं. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत. यूएसएचएल ही अमेरिकेतली सगळ्यात वरची ज्युनियर लीग, तिथे फी भरून जागा मिळत नाही, टीम बघते, निवडते, आणि प्रत्येक टीमकडे जागा मोजक्याच असतात. तुमच्या मुलावर कुणीतरी जाणत्या माणसांनी त्यातली एक जागा खर्च केलीय. आणि जानेवारीतही ती काढून घेतलेली नाहीये, हे तुमच्या पत्रात कुठेच आलं नाही म्हणून मी सांगते, कारण या लीगमध्ये मुलांना ट्रेड करतात, सोडूनही देतात, सीझन चालू असतानासुद्धा.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे हॉकी म्हटलं की खडकीचे धनराज पिल्ले डोळ्यांसमोर येतात, हिरवं मैदान, चेंडू. ही बर्फावरची हॉकी, चेंडूच्या जागी रबराची चकती, तिला पक म्हणतात, आणि मिनेसोटात तिचं वेड असं की शाळांची स्टेट टूर्नामेंट १९४५ पासून चालू आहे आणि आजही सेंट पॉलचं मोठं स्टेडियम भरतं. इतर ठिकाणची चांगली मुलं लवकर क्लबकडे वळतात, मिनेसोटातली बरीचशी शाळेसाठीच खेळतात. म्हणून तिथल्या शाळेचा स्कोरर म्हणजे गावाचा हिरो असतो, आणि म्हणूनच तिथून पुढे गेल्यावर जे होतं ते घरच्यांना जास्त लागतं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही पत्रात लिहिलंय की ‘तोच मुलगा, तोच खेळ, मग चारच महिन्यांत असं काय झालं?’ ताई, मुलगा तोच आहे, खेळ तो नाहीये. शाळेत सतरा मिनिटांचे तीन पीरियड, इथे वीस मिनिटांचे. शाळेत रेग्युलर सीझनला २५ मॅच, इथे ६२. शाळेत त्याच्यासमोर पंधरा-सोळा वर्षांची पोरंसुद्धा असायची, काहींचा हा एकमेव सीझन, वसंतात ती बेसबॉल खेळायला जायची. इथे समोरचा डिफेन्समन एकोणीस-वीस वर्षांचा, दोन वर्षं हेच करतोय, आणि त्याच्या डोक्यात कॉलेजची टीम आहे. आणि सगळ्यात मोठा फरक बर्फावरच्या वेळेचा. शाळेचा कोच दोन लाइनवरच बहुतेक मॅच काढतो, स्टार मुलगा दीड-दोन मिनिटं बर्फावर राहतो, दमला तरी राहतो, निम्मी मॅच तोच खेळतो आणि पॉवर प्ले, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतो ती वेळ, तर पूर्ण त्याचाच. ज्युनियरमध्ये चार लाइन, बारा फॉरवर्ड, शिफ्ट, म्हणजे एका वेळी बर्फावर राहायची पाळी, चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची, आणि चौथ्या लाइनवरच्या मुलाला अख्ख्या मॅचमध्ये आठ-दहा मिनिटं मिळाली तरी खूप. पॉवर प्लेवर दुसरेच. म्हणजे ज्या परिस्थितीत त्याने ६१ पॉइंट्स केले त्यातलं जवळजवळ काहीच त्याच्याबरोबर आयोवाला आलेलं नाही, आलंय ते फक्त त्याचं कौशल्य, आणि ते वापरायला मिळणारा वेळ निम्म्याहूनही कमी.

एक उदाहरण देते, त्यातले आकडे मला स्वतःला फार उपयोगी वाटतात. ब्लेक व्हीलर, मिनेसोटाचाच, ब्रेक स्कूलमधला. २००३-०४ च्या सीझनला शाळेत ३० मॅचमध्ये १०० पॉइंट्स. त्याच उन्हाळ्यात एनएचएल या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, जिथे टीम नवे खेळाडू क्रमाने निवडतात, पाचव्या नंबरला घेतला गेला, म्हणजे किती वरचा मुलगा ते बघा. पुढच्या वर्षी तो यूएसएचएलमध्ये ग्रीन बेला गेला आणि ५८ मॅचमध्ये किती पॉइंट्स केले? ४७. मॅचमागे तीनच्या वर होते ते एकच्याही खाली आले, साधारण चौथा हिस्सा उरला. हाच मुलगा पुढे विनिपेग जेट्सचा कॅप्टन झाला, दोन सीझनला ९१-९१ पॉइंट्स केले, आणि गंमत अशी की एनएचएलमध्ये त्याचं नाव झालं ते गोलपेक्षा पास देण्यासाठी जास्त.

आता मी तुमच्याशी प्रामाणिक राहते. तुमच्या मुलाचे शाळेत मॅचमागे सव्वादोनच्या आसपास होते, त्याचा चौथा हिस्सा धरला तर २४ मॅचमध्ये तेरा-चौदा व्हायला हवे होते, झालेत सात. म्हणजे सगळंच ‘होतं असं, होईल ठीक’ म्हणून सोडून देण्यासारखं नाहीये. आकडा पडणारच होता, पण जरा जास्त पडलाय. त्यातला मोठा भाग चौथ्या लाइनचा आणि कमी मिनिटांचा. तरी थोडा भाग उरतो, आणि त्या उरलेल्या भागाबद्दल बोलायला हवं.

पहिलं, तो गोल कसे करायचा? तुम्ही लिहिलंय की ‘सेंटर लाइनवरून पक घेऊन दोघा-तिघांना चकवून जायचा, सगळं स्टेडियम उभं राहायचं.’ बघा, इथेच उत्तर आहे. शाळेत डिफेन्समन मागे सरकत राहतो, मध्ये जागा सोडतो, वेगात आलेला मुलगा त्या जागेत शिरतो. ज्युनियरमध्ये ती जागा एका काठीच्या लांबीएवढी असते, पक त्याच्या स्टिकवर यायच्या आधीच समोरचा अंगावर आलेला असतो. एकाला चकवलं तर दुसरा आधीच त्या कोपऱ्यात उभा. आणि बाजूने मारलेला शॉट, जो शाळेतल्या गोलकीपरच्या खांद्यावरून आत जायचा, तो इथे सहा फुटी गोलकीपर शांतपणे छातीवर घेतो आणि शिट्टी होते. त्यामुळे मुलं काय करतात, तीच ट्रिक आणखी जोर लावून करतात, पक जातो, उलटा हल्ला होतो, आणि बेंचवर बसलेल्या कोचला तेवढंच दिसतं. मग मिनिटं आणखी कमी होतात.

इथले गोल वेगळ्या ठिकाणाहून येतात, नेटच्या समोरच्या त्या सात-आठ फुटांतून, जिथे पाठीवर काठ्या बसतात. रिबाउंड, दुसऱ्याच्या शॉटला लावलेली हलकी टिप, गोलकीपरच्या डोळ्यांसमोर उभं राहणं, किंवा आडवा पास आल्या आल्या, पक नीट न करता, तसाच मारणं. जो पावेल्स्कीचं करिअर तुमच्या मुलाने नक्की पाहिलेलं असेल, पण त्याला परत बघायला सांगा. विस्कॉन्सिनच्या स्टीव्हन्स पॉइंटच्या शाळेतला मुलगा, पुढे आयोवातच वॉटरलूला यूएसएचएल खेळला, २००४ ला तिथे क्लार्क कप, म्हणजे या लीगचं विजेतेपद, जिंकला. ड्राफ्टमध्ये २०५ वा, सातव्या राउंडला, कारण स्केटिंगचा वेग बेताचा. एनएचएलमध्ये हजाराच्या वर पॉइंट्स करून २०२४ ला थांबला, आणि त्यातले कितीतरी गोल नेटपासून हाताच्या अंतरावरचे, उडत्या पकला स्टिकचं टोक लावून केलेले. हे कौशल्य रोज प्रॅक्टिस संपल्यावर वीस मिनिटं थांबून शिकता येतं, फक्त कुणीतरी लांबून, ब्लू लाइनवरून, शॉट मारत राहायला हवं. टीममध्ये असा एक डिफेन्समन असतोच ज्याला शॉटची प्रॅक्टिस हवी असते.

दुसरं, आणि हे आईबाबांना स्टँडमधून कधीच दिसत नाही. विंगरवर कोचचा विश्वास बसतो किंवा उडतो तो आपल्याच गोलकडच्या बाजूला, बोर्ड्सजवळ, म्हणजे बर्फाभोवतीच्या भिंतीजवळ. पक भिंतीला लागून वर येतो, पाठीमागून समोरचा डिफेन्समन धावत येतोय, आणि विंगरने तो पक कसाही करून ब्लू लाइनच्या, म्हणजे आपला भाग संपतो त्या रेषेच्या, बाहेर काढायचा असतो. चार वेळा काढला आणि एकदा नाही, तर ती एक वेळ गोल होऊ शकते. शाळेत हे काम तुमचा मुलगा बहुतेक करतच नसेल, तो वर पाससाठी थांबलेला असेल, आणि ते बरोबरच होतं, कारण कोचला तो तिथेच हवा होता. इथे हे जमल्याशिवाय तिसरी लाइन मिळत नाही, आणि तिसरी लाइन मिळाल्याशिवाय पॉइंट्स येत नाहीत. क्रम असा आहे. तुम्ही लॅपटॉपवर प्रत्येक मॅच बघता असं लिहिलंय ना, तर पुढच्या मॅचला एक करून बघा, पककडे बघूच नका, फक्त त्याच्याकडे बघा. शिफ्ट चाळीस सेकंदांत संपवून येतो का, पक गेल्यावर किती पावलं जोरात मागे येतो, भिंतीजवळचा पक किती वेळा बाहेर काढतो. मला वाटतं तुम्हाला एक वेगळाच मुलगा दिसेल, कदाचित ऑक्टोबरपेक्षा बराच पुढे गेलेला.

आता तुमच्या पत्रातल्या त्या ओळीकडे येते जिच्यामुळे मी हे पत्र निवडलं. चार पानं पॉइंट्स, लाइन, कोच, कॉलेज, आणि शेवटच्या पानावर, तब्येतीला जपा म्हणायच्या आधी, तुम्ही सहज लिहून गेलात की ‘तो अंडी खातो पण मांस खात नाही, बिलेट आईला वेगळं करायला सांगायचा संकोच वाटतो म्हणून बरेचदा रात्री दूध-सीरियल खाऊन झोपतो, सप्टेंबरपासून सात पाउंड कमी झालाय.’ ताई, सात पाउंड, म्हणजे तीन किलोच्या वर! अठरा वर्षांचा मुलगा, अंगाने आधीच बारीक, रोज प्रॅक्टिस, जिम, शुक्रवार-शनिवार मॅच, मध्ये बसचा प्रवास, कधी आयोवातून थेट ओहायोतल्या यंग्सटाउनपर्यंत, आणि हा रात्री सीरियल खातोय. सीझनमध्ये थोडं वजन सगळ्यांचंच उतरतं, पण ज्याला बोर्ड्सवर वीस वर्षांच्या मुलांशी झोंबायचंय त्याचं सात पाउंड उतरणं म्हणजे तिसऱ्या पीरियडला त्याच्या पायात काही उरतच नसणार. कोणती लाइन, कोणती टीम हे सगळं नंतर. आधी हे.

बिलेट म्हणजे काय हे वाचकांसाठी, टीमच्या गावातलं एखादं कुटुंब खेळाडूला घरात ठेवून घेतं, स्वतःच्या मुलासारखं. ही माणसं हे प्रेमाने करतात, आणि माझा अनुभव असा की त्यांना सांगितलं तर त्यांना आनंद होतो, न सांगता पोरगं उपाशी झोपतंय हे नंतर कळलं तर मात्र वाईट वाटतं. तेव्हा हा एक फोन तुम्ही जरूर करा, बिलेट आईला. आभार माना, मग सरळ सांगा, याला अंडी चालतात, पनीर, चीज, दही, राजमा, चणे, टोफू, पीनट बटर, यातलं बहुतेक तिथल्या साध्या ग्रोसरीत मिळतं, खर्चाचं आम्ही बघतो, आणि आठवड्यातून दोनदा त्याला तुमच्या किचनमध्ये स्वतः करू द्या. मुलालाही शिकवा, अठरा वर्षांच्या मुलाला कुकर लावता यायला हवा. मुगाची खिचडी, अंडा करी, भाजणीचं थालीपीठ दह्याबरोबर, एवढ्या तीन गोष्टी आल्या तरी त्याचा सीझन बदलेल. टीमचा ट्रेनर असतो, त्याला वजनाचं सांगायचं, लपवायचं नाही, हे मात्र मुलाने स्वतः.

कोचला तुम्ही फोन करू नका. मला माहितीय हे अवघड आहे. पण तो आता शाळेतला मुलगा नाहीये, आणि आईचा फोन आला की कोचच्या मनात एकच नोंद होते, याला स्वतः बोलता येत नाही. भेट त्याने मागायची, मॅचच्या दिवशी नाही, सोमवारी-मंगळवारी, आणि ‘मला जास्त खेळवा’ किंवा ‘मी चौथ्या लाइनवर का’ असं विचारायचंच नाही. विचारायचं असं, ‘तिसऱ्या लाइनवर तुम्हाला माझ्यात कोणत्या दोन गोष्टी दिसायला हव्यात? आणि माझ्या शिफ्टचे व्हिडिओ कुणाबरोबर बसून बघू?’ असिस्टंट कोच बहुतेक आनंदाने बसतात. आणि मग तीन आठवड्यांनी परत जाऊन विचारायचं, त्या दोन गोष्टींचं काय वाटतं. दुसऱ्यांदा जाणारी मुलं फार कमी असतात. आणि हो, पेनल्टी किलवर, म्हणजे आपला खेळाडू शिक्षेत असताना बचाव करायला, घ्याल का हे विचारायला हरकत नाही, पॉवर प्ले मागण्यापेक्षा ते दार लवकर उघडतं, आणि शाळेतले स्कोरर तिथे चांगले निघतात कारण समोरचा पास कुठे देणार हे त्यांना आधीच कळतं.

तुमच्या फोनबद्दलही बोलते, रागावू नका. मॅच संपल्या संपल्या तुम्ही फोन करता, आणि तो ‘ठीक आहे’ म्हणतो. त्याच्या जागी बसून बघा, नऊ मिनिटं खेळलोय, एकही शॉट नाही, बसमध्ये शेजारी टीममेट आहे, आणि आईचा आवाज काळजीचा. तो दुसरं काय म्हणणार? मॅचच्या रात्री फक्त ‘बघितली, जेवलास का’ एवढा मेसेज पुरे. फोन रविवारी संध्याकाळी, आणि त्यात पहिली पंधरा मिनिटं हॉकी नाही. बिलेटकडचा कुत्रा, गावातलं थिएटर, बहिणीची भांडणं, काहीही. एक मात्र हळूच विचारा, लॉकर रूममध्ये नावावरून, रंगावरून कुणी काही बोलतं का. बहुतेक नसेल. पण असेल तर मुलं ते आपणहून सांगत नाहीत, तेही ‘ठीक आहे’च्या खाली जातं. आणि असं काही निघालं तर मात्र मी वर जे म्हटलं ते विसरा आणि टीमला तुम्ही स्वतः फोन करा. सतत उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, तर तेही पॉइंट्सच्या आधी बघायचं, डॉक्टरांशी बोलायचं.

आता बाबांचं म्हणणं. मला त्यांची काळजी अजिबात चुकीची वाटत नाही. आपण सगळे ‘वर्ष वाया’ या शब्दाला घाबरूनच मोठे झालो, बारावीनंतर कुणी वर्ष थांबला की नातेवाइकांत त्याच्याबद्दल कुजबुज व्हायची. पण या खेळात ते गणित तसं नाही. इथे कॉलेज हॉकीत एकोणीस-वीसव्या वर्षी पहिल्या वर्षाला येणारी मुलं भरपूर असतात, शाळा संपल्यावर एक किंवा दोन वर्षं ज्युनियर खेळणं हाच नेहमीचा रस्ता आहे. तेव्हा तो मागे पडलेला नाही, रांगेत आहे. तरीही बाबांना टोचतंय ते वेगळं असू शकतं, ते म्हणजे मुलगा सकाळी दहापर्यंत झोपतो आणि प्रॅक्टिसपर्यंत व्हिडिओ गेम खेळतो. त्यावर उपाय आहे, कम्युनिटी कॉलेजचे एक-दोन ऑनलाइन कोर्स, कॅल्क्युलस घ्या, केमिस्ट्री घ्या. फक्त फुल टाइम विद्यार्थी होईल इतके विषय घेऊ नका, आणि घ्यायच्या आधी टीमच्या एज्युकेशन ॲडव्हायझरला आणि युनिव्हर्सिटीला लेखी विचारा, कारण कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेचं पात्रतेचं घड्याळ, म्हणजे कॉलेजसाठी किती वर्षं खेळता येईल ते, आणि पुढे ढकललेली ॲडमिशन दोन्ही त्यावर अवलंबून असतात. सकाळी गणित असलं की मुलाचं डोकंही शांत राहतं, दिवसभर तोच एक आकडा डोक्यात फिरत नाही.

आणि ताई, या सगळ्यात तुमच्या घरात एक माणूस असा आहे ज्याला हे आतून माहितीय, आणि तो म्हणजे बाबाच. ते कांगा लीग खेळलेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९४८ पासून मुंबईत भर पावसाळ्यात चालणारी ही क्लब क्रिकेटची लीग, ओली विकेट, गुडघाभर गवत, बॉल कधी उसळतो कधी बसतो. शाळेच्या क्रिकेटमध्ये शतकं ठोकून आलेली पोरं तिथे पहिल्या पावसाळ्यात आठ आणि अकरा धावांवर जायची, समोर पस्तीशीचा बँकेतला बोलर, आणि जुने खेळाडू म्हणायचे की इथले तीस म्हणजे शंभर. बाबांनी हा पावसाळा स्वतः काढलाय. त्यांनी मुलाला कधी सांगितलंय का, त्या वेळी त्यांना काय वाटलं होतं, बॅटिंगमध्ये काय बदललं, ड्राइव्ह कधी बंद केला आणि कधी परत काढला? मला वाटतं नसेल सांगितलं. घरात सध्या बाबा म्हणजे ‘परत ये’ म्हणणारा आवाज झालाय, आणि मुलगा त्या आवाजासमोर ‘ठीक आहे’ म्हणतोय.

कॉलेज कोच गप्प झाला त्याचा अर्थ एकच लावू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने निर्णय घेतला की कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधली मुलंही ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकन कॉलेजांत खेळू शकतील, आधी त्यांना बंदी होती. त्यामुळे वीस-एकवीस वर्षांच्या, भरपूर खेळलेल्या मुलांची एक मोठी रांग अचानक समोर आली, आणि कॉलेजं अठरा वर्षांच्या मुलांबद्दल थांबून बघतायत. हा तुमच्या मुलाचा दोष नाही, पण वस्तुस्थिती आहे, आणि तिचा अर्थ असा की कॉलेज हॉकी हवं असेल तर बहुतेक ज्युनियरचं दुसरं वर्षही लागेल. हे आत्ताच घरात मोठ्याने बोलून घ्या. त्या कोचला मुलाने फेब्रुवारीत चार ओळींचा मेल करावा, काय शिकतोय ते लिहून, मागणं काही नाही.

टीम बदलण्याबद्दल, सीझनच्या मध्यात आपणहून ट्रेड मागू नये असं माझं मत. पण एक लीग खाली, एनएएचएलमध्ये, जायची वेळ आली, किंवा टीमनेच सुचवलं, तर तो अपमान समजू नका. मिनेसोटातच ऑस्टिनला टीम आहे, तिथे त्याला अठरा मिनिटं आणि पॉवर प्ले मिळाला तर एका वर्षात तो जास्त शिकेल, आणि तिथूनही मुलं डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज हॉकीच्या सगळ्यात वरच्या गटात जातात. शिवाय खालच्या गटातली, डिव्हिजन थ्रीची कॉलेजं, गुस्तावस, ऑग्सबर्ग, सेंट ओलाफ अशी, खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत पण शिक्षण उत्तम आणि हॉकी गंभीर, तीही यादीत असू द्या. आणि त्याला जर खरंच पुरे झालं असेल, त्याला स्वतःला, तर युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग आणि संध्याकाळी क्लब हॉकी हेही चांगलं आयुष्य आहे. फक्त ते जानेवारीतल्या उपाशी, दमलेल्या मुलाने ठरवू नये आणि त्याच्या वतीने तुम्हीही ठरवू नये. तुमच्या चार पानांत त्याला काय हवंय याची एकही ओळ नव्हती, बहुधा तुम्हालाही माहीत नाहीये.

तारीख ठरवा. एप्रिलमध्ये सीझन संपला की प्रत्येक खेळाडूची कोचबरोबर शेवटची भेट होते, पुढच्या वर्षी तुझी जागा काय असेल हे तिथे बरंचसं सरळ कळतं. युनिव्हर्सिटीला कोणत्या तारखेपर्यंत कळवायचंय ते आजच बघून कॅलेंडरवर लिहा. या दोन तारखांच्या मध्ये एका संध्याकाळी तिघांनी बसायचं आणि आधी त्याने बोलायचं. तोपर्यंत ‘परत ये’ हा विषय बंद.

आणि फेब्रुवारीत तुम्ही दोघं गाडीने जाणार आहात असं लिहिलंय ना, तर या वेळी तुम्ही जाऊ नका, बाबांना एकट्याला पाठवा. शुक्रवारची मॅच बघतील, शनिवारी सकाळी बिलेट आईच्या किचनमध्ये बापलेक मिळून खिचडी करतील, संध्याकाळी दुसरी मॅच. डिकीत तीन लिटरचा कुकर, पाच किलो मुगाची डाळ, भाजणी, मेतकूट आणि तुमच्या हातचं लिंबाचं लोणचं ठेवा. कुकरची एक जादा रिंग द्या, तिथे मिळणार नाही.